बेघरांसाठी निधी, त्यासाठी नवं भक्तिगीत: चर्चच्या गायकवृंदातल्या नवख्यांना

नोव्हेंबर लागला की कुठल्या ना कुठल्या चर्चच्या मंडळीतून विचारणा येतेच. "यंदा नाताळच्या संध्याकाळी क्वायरने स्वतःचं एखादं गीत म्हणायचं आणि जमेल ते दान रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठी द्यायचं, असं ठरलंय. राग कोणता घेऊ?" विचारणाऱ्याला वाटतं, भूप किंवा यमन असं काहीतरी उत्तर मिळेल. मी म्हणतो, एक तर हे ऑगस्टात विचारायला हवं होतं, आणि दुसरं म्हणजे राग ही बरीच नंतरची गोष्ट. आधी कळस मग पाया असं केलं की गीत होतं, टाळ्या होतात आणि निवाऱ्यात पोचते ती नको असलेली ब्लँकेटांची चळत.

हे लिहितोय ते पेटीवर चाल काढता येणाऱ्या, क्वायरमध्ये थोडीफार वर्षं काढलेल्या, पण चार आवाजांसाठी स्वतः कधी न लिहिलेल्या माणसासाठी. पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षा दिलेल्या नसल्या तरी चालेल. कान हवा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संध्याकाळी मोकळ्या हव्यात.

आधी निवाऱ्यात जा

२०११ च्या जनगणनेत देशभरात १७ लाख ७० हजारांहून जास्त बेघर मोजले गेले, त्यातले दोन लाखांवर महाराष्ट्रात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे चोवीस तास उघडा असा एक निवारा असावा, असे आदेश दिले. पुढे केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानातही तेच प्रमाण आलं. त्यात माणशी किमान ५० चौरस फूट जागा धरली आहे. पाच बाय दहा. एक खाट टाकली आणि शेजारी एक ट्रंक ठेवली की संपली. सांगायचा मुद्दा हा की तुमच्या शहरात महापालिकेचा बेघर निवारा बहुधा आहे आणि तो एखादी संस्था चालवत असते. महापालिकेच्या समाजविकास किंवा नागरी उपजीविका कक्षात पत्ता मिळतो.

तिथे संध्याकाळी सातनंतर जा, म्हणजे कामावर गेलेली माणसं परतलेली असतात. दोघंच जा. अख्खी क्वायर केळ्यांच्या फण्या घेऊन गेली की भेटीचा समारंभ होतो आणि खरं काही कळत नाही. व्यवस्थापकाला एकच प्रश्न विचारा: हातात थोडे पैसे आले तर पहिलं काय कराल? उत्तरं ऐकण्यासारखी असतात. थंडीत ब्लँकेटं चहूबाजूंनी येतात, पण मार्चमध्ये गीझर बिघडला तर फिरकत कुणी नाही. किंवा, कुलूप लागणारी कपाटं हवीत, कारण आधार कार्ड आणि औषधं पिशवीत घालून रोज कामावर न्यावी लागतात आणि पिशवी चोरीला गेली की माणूस पुन्हा शून्यावर येतो. किंवा, रात्रपाळीच्या काळजीवाहकाचा पगार थकलाय.

यातली एक गोष्ट निवडा आणि तिची रक्कम काढा. "बेघरांच्या मदतीसाठी" असं मोघम आवाहन केलं तर लोक पन्नासची नोट टाकतात. "कुलपासकट दहा लोखंडी कपाटं, एका कपाटाचा खर्च इतका" असं सांगितलं तर एखादे काका उठून म्हणतात, दोन कपाटं माझ्याकडून. या बाबतीत ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काही अर्थ नाही.

पैशाची वाट याच महिन्यात आखा

हे कंटाळवाणं काम आहे आणि म्हणूनच शेवटी राहतं. लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१ क आडवं येतं. गणेश मंडळं दर वर्षी धर्मादाय आयुक्त कार्यालयातून परवानगी काढतात ती याच कलमाखाली. सोपा मार्ग म्हणजे क्वायरने पैसे गोळाच करू नयेत. निवारा चालवणारी नोंदणीकृत संस्था किंवा चर्चचा न्यास यांच्या नावाने दान घ्या, त्यांच्याच पावत्या फाडा, दारात लावायचा क्यूआर कोडही त्यांच्याच खात्याचा असू द्या. क्वायरमास्तरच्या स्वतःच्या खात्याचा क्यूआर कधीही लावू नये, तो कितीही सज्जन असला तरी.

प्राप्तिकरातली सवलत, जिला सगळे 'एटी-जी' म्हणतात, ती मागणारे चार जण भेटतीलच. संस्थेकडे तशी नोंदणी आहे का ते विचारून ठेवा आणि दोन हजारांवरच्या रोख दानाला ही सवलत मिळत नाही, हे पाकिटावरच छापा. परदेशातला भाचा पाठवतो म्हणाला तर थांबा. परदेशी नागरिकाचं दान घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी आणि त्यासाठीचं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं लागतं. भाच्याचा पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि पैसे त्याच्या स्वतःच्या कमाईतले असतील, तर ते परदेशी दान धरलं जात नाही.

गळे मोजा

आता क्वायर. मनातली नव्हे, गुरुवारच्या तालमीला खरोखर येते ती. बहुतेक मराठी मंडळ्यांत चित्र सारखंच असतं: बायका भरपूर, त्यातल्या निम्म्या सोप्रानो (बायकांचा उंच आवाज) म्हणवतात पण उंच स्वरावर गप्प होतात, दोन-तीन आल्टो (बायकांचा खालचा आवाज) पक्क्या, पुरुष मोजके, त्यात बेस (पुरुषांचा खालचा आवाज) म्हणजे मूळ चालच एक सप्तक खाली म्हणणारे, आणि टेनर (पुरुषांचा उंच आवाज) एकच, तोही सॉफ्टवेअर कंपनीत, डिसेंबरात रिलीज असलेला. त्या एकट्या टेनरच्या भरवशावर गीत लिहू नका. सोप्रानो, आल्टो आणि पुरुषांचा एकच आवाज, असं तीन ओळींचं लिहिलं तरी ते पूर्ण वाटतं. चार आवाज शेवटच्या कडव्यापुरते आले तरी पुष्कळ.

पट्टीच्या मर्यादा भिंतीवर लावून ठेवा. हौशी सोप्रानोला मधल्या सी पासून वरच्या ई पर्यंत, आल्टोला त्याखालच्या ए पासून वरच्या बी पर्यंत. पुरुष एकाच ओळीत असतील तर खालच्या बी पासून मधल्या सी पर्यंतचा जेमतेम सप्तकभराचा पट्टाच सगळ्यांना सोसतो. वरचा ई दाखवण्यापुरता एखाद्या वेळी लागला तर ठीक, त्याच्यावर मुक्काम नको.

शब्द

माझ्या मते अर्धी लढाई इथेच जिंकली किंवा हरली जाते, म्हणून इथे सावकाश चला.

निवाऱ्याचा विषय पवित्र शास्त्रात शोधायला लांब जावं लागत नाही. लूकच्या दुसऱ्या अध्यायात उतारशाळेत जागा नसते. मत्तयाच्या आठव्या अध्यायात कोल्ह्यांना बिळं असतात, पाखरांना घरटी असतात आणि मनुष्याच्या पुत्राला डोकं टेकायला ठिकाण नसतं. यशयाच्या ५८ व्या अध्यायात खऱ्या उपासाची व्याख्या करताना निराश्रिताला घरात घ्या म्हटलंय. नाताळला पहिला, ईस्टरआधीच्या उपवासकाळात तिसरा. दुसरा वर्षभर चालतो.

पण शास्त्रातला गद्य उतारा जसाच्या तसा चालीत बसवणं नवख्याने टाळावं. एक तर लय सापडत नाही, आणि सध्या वापरात असलेल्या भाषांतरांवर प्रकाशकांचे हक्क असतात, त्यांची परवानगी घ्यावी लागते. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतो. त्या हिशेबाने ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या रचना केव्हाच मोकळ्या झाल्या, ते १९१९ मध्ये गेले. त्याहून मागे जायचं असेल तर फादर थॉमस स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' आहे, १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापलेलं. आज ते वाचायला कष्ट पडतात, शब्द जुने आहेत, पण त्यातल्या चार निवडक ओव्या निवेदकाच्या संथ सुरात, मागे क्वायरचा नुसता 'सा' धरून म्हटल्या तर सभागृह कान टवकारतं. टीप म्हणून: हौशी मंडळाने विनामूल्य प्रेक्षकांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या लाभासाठी केलेल्या सादरीकरणाला आपल्या कॉपीराइट कायद्यात मुभा आहे. निवाऱ्यासाठी तिकीट लावलं की ती मुभा गृहीत धरता येत नाही. कार्यक्रम विनातिकीट, दान ऐच्छिक, हे धोरण मला म्हणूनही बरं वाटतं.

स्वतः लिहायचं तर अभंगाचा साचा घ्या. मोठा अभंग म्हणजे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. टिळकांनीही तो आपलासा केला आणि मराठी कानाला तो शिकवावा लागत नाही. नमुन्यासाठी इथेच जुळवलेला एक:

उघड्यावरी जो
निजे त्यास छाया
देई तुझी माया
मायबापा

काव्य म्हणून यात फार काही नाही, पण समूहगानासाठी ते कामाचं का आहे ते पाहा. दुसरा आणि तिसरा चरण 'या'वर संपतात, चौथा 'पा'वर. तिन्ही ठिकाणी तोंड उघडं राहतं, स्वर लांबवता येतो. चरणाच्या शेवटी 'दीन', 'घर', 'वस्त्र' असे शब्द असते तर प्रत्येक गायक वेगळ्या क्षणी 'न', 'र', 'स्त्र' मिटवतो आणि टाचणी पडल्यासारखे आवाज येत राहतात. 'ख्रिस्त' या शब्दाचं दुखणं तेच. लांब स्वर 'ख्रि'वर धरा आणि 'स्त' क्वायरमास्तरचा हात खाली आल्यावर सगळ्यांनी एकदम उच्चारा. हे तालमीत दहादा करून घ्यावं लागतं. अनुस्वाराचंही तसंच: 'शांती'मध्ये स्वर 'शा'वर राहू द्या, नाकातला 'न' अगदी शेवटी.

ऱ्हस्व अक्षराला लांब स्वर देऊ नका. 'निजे'तला 'नि' ताणला की 'नीजे' होतं आणि मराठी माणूस लगेच हसतो. शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण बोलताना गाळतो आणि अभंगात उच्चारतो. 'त्यास' म्हणायचं की 'त्यास-अ', हे आधी ठरवून कागदावर लिहा. नाहीतर आल्टो एक म्हणतील, सोप्रानो दुसरं.

शब्दांबद्दल शेवटचं. 'बिचारा', 'लाचार', 'फाटका' अशी विशेषणं काढून टाका. ज्याच्यासाठी गाताय तो माणूस कदाचित मागच्या बाकावर बसलेला असेल.

चाल

आठ मात्रांचा भजनी ठेका घ्या. सहा अक्षरांच्या चरणात सहा मात्रा अक्षरांच्या आणि उरलेल्या दोन शेवटच्या अक्षराला. म्हणजे श्वासाची जागा आपोआप मिळाली. चौथ्या चरणात चारच अक्षरं: 'मा'ला दोन मात्रा, 'य'ला एक, 'बा'ला दोन, 'पा'ला तीन. 'य' ऱ्हस्व, म्हणून एकच.

राग निवडताना सोय बघा. बिलावल म्हणजे सरळ मेजर स्केल, पाश्चात्त्य पद्धतीचे सगळे स्वरमेळ (एकत्र लागणारे स्वर, म्हणजे कॉर्ड) त्यात बसतात. आसावरी नैसर्गिक मायनरच्या जवळ, उपवासकाळाला छान. काफीही चांगला वागतो. यमनमधला तीव्र मध्यम एकट्या गळ्यात सुंदर, पण चार आवाजांत तो कुठल्या स्वरमेळात बसवायचा हा प्रश्न नवख्याला दमवतो. भैरवच्या वाटेला पहिल्या खेपेस जाऊ नका. माझी शिफारस भूप. पाचच स्वर, कोमल-तीव्र भानगड नाही, अर्ध्या स्वराचं अंतरच नाही. याचा मोठा फायदा असा की एका गटाने ओळ सुरू केल्यावर दुसऱ्याने दोन मात्रांनी मागून तीच ओळ धरली, तरी कर्कश काही ऐकू येत नाही.

ध्रुवपद लोकांना म्हणता येईल इतकं सोपं ठेवा. गाडगेबाबांच्या कीर्तनाची रीत आठवा: बाबा एक वाक्य टाकणार आणि हजारोंचा जमाव 'गोपाला गोपाला' म्हणत ते उचलून धरणार. त्याच कीर्तनांतून लोकांच्या देणग्या आल्या आणि पंढरपूर, नाशिकसारख्या ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही कॅन्सरच्या उपचारासाठी आलेल्या गरिबांना आसरा देते. भक्तिगीत आणि निवारा यांचं नातं आपल्याकडे परकं नाही, एवढं सांगण्यापुरतं. ज्याने ध्रुवपद गायलं तो माणूस नुसता श्रोता राहत नाही, आणि खिशात हातही तोच घालतो.

चार आवाज कसे लिहायचे

सुरुवात षड्जाने करा. पहिल्या चरणात बायका एका सुरात चाल म्हणतील, पुरुष गप्प. दुसऱ्यात पुरुष ओठ मिटून सा धरतील. तिसऱ्यात आल्टो वेगळ्या होतील, चालीच्या खाली, बहुतेक वेळ तीन स्वरांच्या अंतराने. चौथ्या चरणात, म्हणजे 'मायबापा'वर, सगळे आवाज एकत्र. चारच अक्षरं, त्यामुळे शिकवायला एक संध्याकाळ पुरते, आणि ऐकणाऱ्याला दर कडव्याच्या शेवटी दार उघडल्यासारखं वाटतं.

आता 'मायबापा' प्रत्यक्ष लिहून पाहू. वरची चाल समजा प, ग, रे, सा. आधी फक्त बेस लिहा, मधले आवाज नंतर. नवखा माणूस हमखास सा, मंद्र (खालच्या सप्तकातला) ध, मंद्र प, सा असं लिहितो, कारण कागदावर ते उतरत्या पायऱ्यांसारखं नीटस दिसतं. पण वरचा 'प' आणि खालचा 'सा' यांत पंचमाचं अंतर, आणि लगेच पुढे वरचा 'ग' आणि खालचा मंद्र 'ध' यांतही पंचमाचंच. दोघं एकाच दिशेने, तेच अंतर राखून उतरले. अशा वेळी दोन आवाज स्वतंत्र राहत नाहीत, एक दुसऱ्याची सावली होतो आणि गाणं अचानक रोडावतं. युरोपातले शिक्षक लागोपाठच्या पंचमांवर लाल रेघ मारतात ती याचसाठी. त्याऐवजी बेसला सा, सा, मंद्र प, सा द्या. पहिल्या दोन अक्षरांत बेस जागेवर, वरची चाल हलतेय. शेवटी वरचा आवाज उतरतो तेव्हा बेस चढतो. ऐकून बघा, जमीन लागते.

मधल्या दोघांना शक्यतो हलवू नका. आधीच्या स्वरमेळातला स्वर पुढच्यातही असेल तर तो त्याच गळ्यात राहू द्या, नसेल तर सर्वांत जवळचा. आल्टोंची ओळ कंटाळवाणी झाली म्हणून कुणी तक्रार केली तर समजा, बरोबर लिहिलंय.

'बा'वर एक पेच येतो. मंद्र 'प'वर उभा स्वरमेळ पुरा करायला नी लागतो, आणि भूपात नी नाही. घ्यायचा का? घेतला तर शेवट चर्चच्या ऑर्गनसारखा भरीव होतो, पण भूप मोडतो. न घेता नुसते प आणि रे ठेवले तर पोकळ, तंबोऱ्यासारखं ऐकू येतं. मी नी सोडतो. शेवटच्या कडव्यात एकदाच, मुद्दाम, आल्टोला द्यायचा असेल तर द्या. तिथे तो लोकांना कळतो.

सगळं मिळून चार मिनिटांच्या आत ठेवा. मिनिटाला ७२ मात्रांच्या लयीत, चार मात्रांची एक पट्टी (पाश्चात्त्य 'बार') धरली, तर चार मिनिटांत ७२ पट्ट्या होतात. हौशी क्वायरला पाठ करायला एवढं पुष्कळ झालं. साथीला पेटी, आणि तबला किंवा पखवाज मायक्रोफोनपासून दूर. तबल्याला माइक लावला की शब्द गेले.

लिहिणं आणि शिकवणं

म्यूझस्कोर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि देवनागरी शब्द घेतं. शब्द अक्षरागणिक तोडताना जोडाक्षर फोडू नका: 'ख्रि' आणि 'स्त', असंच. स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचणारे थोडेच असतील, म्हणून त्याच कागदावर वर सरगम लिहा. प्रत्येक आवाजाची ओळ स्वतः गाऊन वेगवेगळी ध्वनिफीत करा आणि त्या-त्या गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाका. संगणकाने वाजवलेला पियानो पाठवला तर लोक स्वर शिकतात पण उच्चार शिकत नाहीत.

शिकवण्याआधी चार भरवशाच्या गळ्यांना घरी चहाला बोलवा आणि गीत एकदा गाऊन घ्या. जिथे दोघं अडखळतील तिथे चूक तुमच्या लिखाणात आहे असं समजून ती जागा बदला. आगमनकाळ (नाताळाआधीचे चार आठवडे) सुरू होण्यापूर्वी गीत पाठ झालंच पाहिजे. एकदा कॅरोल राउंड, म्हणजे नाताळगीतं गात घरोघर फिरणं, सुरू झाले की घरोघरच्या केक आणि करंज्यांपुढे तालमीचं काही चालत नाही, आणि गळेही बसतात.

कार्यक्रम

सगळा कार्यक्रम नवा रचायच्या फंदात पडू नका. संगीतकार जॉर्ज फ्रेडरिक हँडेलने १७४९ च्या मे महिन्यात लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलसाठी कार्यक्रम केला. टाकून दिलेल्या मुलांना सांभाळणारी ही संस्था, आणि तिचं प्रार्थनामंदिर तेव्हा पुरं बांधूनही झालं नव्हतं. त्यासाठी त्याने रचलेलं स्तोत्रगान, शब्द ४१ व्या स्तोत्रातल्या 'दीनांची चिंता करणारा धन्य' या अर्थाचे, पुष्कळसं त्याच्या स्वतःच्याच जुन्या रचनांतून उचललेलं होतं आणि शेवटी सरळ त्याच्याच 'मसीहा' या मोठ्या संगीतरचनेतला हालेलूया कोरस जोडला होता. त्याला जमलं ते आपल्याला कमीपणाचं वाटायचं कारण नाही. पुढल्या वर्षी तिथेच 'मसीहा' झाला तेव्हा इतकी गर्दी लोटली की काहींना परत जावं लागलं आणि पंधरवड्यात पुन्हा प्रयोग करावा लागला. त्याआधी १७४२ मध्ये डब्लिनला 'मसीहा'चा पहिला प्रयोगच मुळी दोन रुग्णालयं आणि कर्जापायी तुरुंगात पडलेल्या लोकांसाठी होता. १४२ कर्जदार त्यातून सुटले. जास्त माणसं मावावीत म्हणून बायकांनी घेरदार झग्यांचे सांगाडे घालू नयेत आणि पुरुषांनी तलवारी आणू नयेत, अशी विनंती तेव्हा छापली होती. आपल्याकडे चारचाकी आणू नका एवढं छापलं तरी पार्किंगचा प्रश्न सुटेल.

तेव्हा: एक नवं गीत, बाकी लोकांना पाठ असलेली. नवं गीत साधारण दोन-तृतीयांश वेळ गेल्यावर ठेवा आणि दान त्याच्या लगेच नंतर. मध्ये भाषण नको. आवाहन गीताच्या आधी, दोन मिनिटांत, कपाटांच्या संख्येसह. कार्यक्रम अंगणात असेल तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, पण तुम्ही नऊला आटपा. ज्याची शेवटची बस सुटते तो पुढच्या वर्षी येत नाही.

ज्यांच्यासाठी गातो त्यांच्याबद्दल

निवाऱ्यातल्या माणसांना मंचावर उभं करून कहाणी सांगायला लावू नका, त्यांचे फोटो पोस्टरवर लावू नका. नीतीचा प्रश्न आहेच, शिवाय १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा राज्यात लागू आहे. रस्त्यावरच्या माणसाचा चेहरा ओळखू येईल असा फोटो फिरला तर त्याचा त्रास त्यालाच होऊ शकतो. यायचं असेल त्यांना इतरांसारखंच निमंत्रण द्या आणि पुढची-मागची जागा त्यांची त्यांना निवडू द्या. कुणाला क्वायरमध्ये गायचं असेल तर ऑक्टोबरपासून तालमीला बोलवा, शेवटच्या दिवशी दाखवण्यापुरतं नको.

लंडनमध्ये १९७१ साली बेघरांवरच्या एका चित्रपटासाठी आवाज टिपताना एका वृद्धाने गायलेला छोटासा भक्तिगीताचा तुकडा मिळाला. संगीतकार गॅव्हिन ब्रायर्सने तो पुन्हा पुन्हा वाजत ठेवून त्याच्याभोवती वाद्यमेळ रचला. रचना गाजली, पण ती ऐकण्याआधीच तो म्हातारा गेला होता. निवाऱ्यात कुणी एखादी ओवी, एखादं भजन म्हणून दाखवलं आणि तुम्हाला ते गीतात घ्यावंसं वाटलं, तर आधी विचारा, नाव द्यायचं की नाही तेही विचारा, आणि पहिली तालीम त्यांना ऐकवा. त्यांच्याच जागी, त्यांच्या सोयीच्या वेळी.

त्या रात्री आणि नंतर

दानपेटी दोन माणसांनी मिळून उघडावी, त्यातला एक क्वायरबाहेरचा असावा. नोटा मोजून आकडा कागदावर लिहा, दोघांच्या सह्या घ्या, क्यूआरवर आलेल्या रकमेचा तपशील संस्थेकडून मागवा आणि रोख पहिल्या कामाच्या दिवशी खात्यात भरा. माइकवाल्याचे, छपाईचे, चहाचे पैसे दानातून कापायचे नसतात. त्यांच्यासाठी आधीच एखादा दाता गाठायचा. कार्यक्रम लाखाचा आणि निवाऱ्याला पाच हजार, असं झालं तर लोक बोलतात, आणि बरोबर बोलतात.

पुढच्या दोन रविवारांत उपासनेत हिशेब वाचून दाखवा: एकूण किती, कपाटं किती आली, उरले किती. कपाटं बसल्यावर व्यवस्थापकाकडून दोन ओळींचं पत्र घ्या आणि सूचनाफलकावर लावा.

गीताचा कागद मात्र फाइलला लावून ठेवू नका. तळाशी तुमचं नाव, वर्ष, आणि खाली एवढंच छापा: कुठल्याही क्वायरने हे विनामूल्य गावं, जमलेलं दान आपल्या गावातल्या निवाऱ्याला द्यावं. मग शेजारच्या चार मंडळ्यांना पाठवा. आल्टोंची ओळ जास्तीची छापून पाठवा, ती नेहमी हरवते.